अक्कांची काही हरकत नाही

अक्कांच्या फाटकाची गोष्ट मी आजवर पुष्कळांना सांगितली आहे — शाळेच्या सहलींना, बाहेरगावच्या पाहुण्यांना, एकदा तर माइक हातात धरून. खरी मात्र एकदाही सांगितली नाही. नवऱ्याला नाही, अणदूरला दिलेल्या बहिणीलाही नाही; माझ्या पोटातलं सगळं आपल्याला ठाऊक आहे असं ती समजते. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. गावातले लोक मला फार ओळखतात, हीच तर अडचण आहे.

आणि आधीच सांगून टाकते — मी वैतागलेली आहे. पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द मला नकोत. मला रोजचा, साधा, घामासारखा अंगाला चिकटलेला वैताग आहे. त्या गोष्टीचा, ती ऐकून माना डोलावणाऱ्यांचा, आणि ‘बाई, तुम्ही होतात म्हणून’ असं म्हणणाऱ्यांचा तर विचारूच नका. परवा एक बाई नातवाला घेऊन उद्यानात आल्या. मला बघून त्याला म्हणाल्या, यांच्या पाया पड. पडलं ते बिचारं. मी काय करायचं होतं? पाय मागं घ्यायचे? घेतले नाहीत.

पण हे असं मधूनच सांगून तुम्हाला काय कळणार? नीट सांगते.

आमचं गाव वाशीच्या बाजूला, बालाघाटाच्या पायथ्याशी. मी इथल्या शाळेत भूगोल शिकवायचे, त्यामुळं लहानथोर सगळे मला बाईच म्हणतात. गावाबाहेर देशमुखांची बाग आहे. बाग म्हणजे मोगरा-गुलाब नव्हे. निजामाच्या काळात हैदराबादेहून शिकारीला पाहुणे यायचे, त्यांच्यासाठी देशमुखांच्या कुणा पूर्वजानं तिथं बंगला बांधला, सभोवार झाडं लावली, आणि पुढं कुणी ती तोडली नाहीत. चिंचा, जांभळं, कडुनिंब, वड, बिब्बे, आणि त्याखाली सीताफळाची नि घाणेरीची दाटी. आजूबाजूला सोयाबीनचा उघडा माळ आणि मधेच हे रान — उन्हाळ्यात रस्त्यानं जाणारे ट्रकवाले सावली बघून तिथं थांबतात.

आता ते वनउद्यान आहे. सगळ्यांसाठी खुलं. दारात कमान, आत पायवाटा, बंगल्यात उद्यानाचं ऑफिस. हे झालं ते अक्कांमुळं. अक्का म्हणजे देशमुखांच्या धाकट्या सूनबाई. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नाही. वाटणीत पुतण्यांनी काळी जमीन घेतली आणि हे न पिकणारं रान अक्कांच्या नावावर केलं. पुढं रस्ता मोठा झाला तसे त्या रानाला प्लॉटवाले विचारायला लागले. तेव्हा मी अक्कांच्या मागं लागले. हे रान सरकारला देऊन टाका, झाडं राहतील, गावाला राहील. मी महिनोन्‌महिने जात होते. शेवटी त्या तयार झाल्या.

त्यांनी स्वतःसाठी काय मागितलं असेल? बंगला नाही, पाटी नाही. बागेच्या पाठीमागं, भिंतीला लागून, पूर्वी माळी राहायचा ते दोन खोल्यांचं घर होतं. अक्का तिथंच राहायच्या. त्यांच्या अंगणातून बागेत उघडणारं एक लहान लोखंडी फाटक होतं. नवी नवरी होऊन आल्यापासून त्या तिथूनच आतबाहेर करत आल्या होत्या. तेवढं फाटक राहू द्या, म्हणाल्या. कागदावर घालू या का, असं सोलापूरच्या पुतण्यानं विचारलं, तर त्यांनी माझ्याकडं बोट दाखवलं आणि म्हणाल्या, बाई हायेत की. आणि मी म्हणाले, “अक्का, ते फाटक तुमचं. माझा शब्द आहे.”

बघा, मी लगेच कशी सांगते आहे की शब्द माझा होता. म्हणजे निदान एवढं तरी खरं बोलते आहे.

उद्यान झालं, समिती झाली, मी तिची सचिव झाले. आणि अक्का रोज सकाळ-संध्याकाळ त्या फाटकातून आत यायला लागल्या.

आता अक्कांबद्दल तुमच्या मनात काय चित्र तयार झालं असेल ते मला ठाऊक आहे, कारण ते मीच माझ्या गोष्टीतून लोकांच्या मनात तयार केलेलं आहे — पांढरं पातळ, मायाळू डोळे, झाडाला हात लावून उभी. असं काही नव्हतं हो! अक्का भयंकर होत्या. हातात काठी, आवाज असा की वडाखाली बोलल्या तर कमानीपाशी ऐकू यावं. फिरायला येणाऱ्यांना त्या सांगायच्या, उलटं का फिरायलाव, सुलटं फिरा. बाकावर बसलेल्या जोडप्यांसमोर जाऊन उभ्या राहायच्या आणि मुलीला तिच्या बापाचं नाव विचारायच्या. डबे घेऊन आलेल्या कुटुंबांच्या डब्यात डोकावून भाजीला नाव ठेवायच्या. मी शाळेच्या मुलांना झाडं दाखवत असले की मागं मागं यायच्या आणि मधेच सांगायच्या, हे झाड निजामानं स्वतः लावलंय. पुढच्या आठवड्यात तेच झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं असायचं. मी काही म्हणायला गेले की मुलांकडं वळून म्हणायच्या, बाईंना काय ठाव, बाई काल आल्या. सगळी मुलं हसायची.

तुम्ही म्हणाल, एवढ्यानं काय होतं? होतं. रोज होत असलं की होतं. मी नोकरीभर वर्गात उभी राहिलेली बाई. माझ्या तोंडावर कुणी हसलेलं मला चालत नव्हतं. आणि खरं म्हणजे मला ते उद्यान माझं वाटायला लागलं होतं. मी कुणाकुणाच्या दारात बसून ते उभं केलं होतं. पायवाटेचे दगड मी निवडले होते. आणि ही बाई रोज सकाळी अशी यायची जसं काही झालेलंच नाही, जसं अजून ती देशमुखांची बाग आहे आणि आम्ही सगळे तिच्या परवानगीनं आत शिरलेले पाहुणे आहोत.

फुलपाखरांच्या बागेचं निमित्त झालं. घाणेरीचा एक दाट पट्टा काढून तिथं मी फुलझाडं लावून घेतली होती. फार जीव लावला होता त्या कामाला. उद्घाटनाला जिल्ह्याहून मोठे अधिकारी आले. मी बोलायला उभी राहिले, आणि मागून अक्कांचा आवाज आला. त्या पाहुण्यांना सांगत होत्या की पाखरं सगळी त्या घाणेरीवरच असायची, बाईंनी घाणेरी उपटली आणि आता पाखरांना आवतण द्यायला बसल्यात. सगळे हसले. अधिकारी हसले. मीही हसले. माझं पुढचं भाषण मला आठवेना. तशीच खाली बसले.

इथून पुढं बोलणं जड जातं. मी हे तुम्हाला सांगायला बसले आणि तरी पहिल्यांदा अक्कांचेच दोष सांगितले — पाहिलंत ना?

त्यानंतर काही दिवसांनी समितीची बैठक होती. उद्यानाचा कारभार ज्यांच्याकडं होता ते साहेब तरुण होते, नवे होते, मन लावून काम करायचे. विषय निघाला शेळ्यांचा. कुठून तरी शेळ्या आत येत होत्या आणि रोपं खात होत्या. कुठून येत होत्या ते मला माहीत होतं: ओढ्याकडची भिंत एका जागी ढासळली होती. मी स्वतः ती पाहिली होती. साहेबांनी विचारलं, शेळ्या येतात कुठून? आणि मी म्हणाले, मागच्या फाटकातून. ते फाटक रात्रंदिवस उघडं असतं, मीच म्हणाले. शेळ्या येतात, पिणारे लोकही येतात.

साहेब म्हणाले, ते फाटक तर अक्कांचं आहे ना, त्यांना विचारायला हवं. मी स्वतः जाऊन विचारतो त्यांना.

तेव्हा तरी मी थांबायला हवं होतं. तो माणूस जायला निघालेला होता. मी म्हणाले, “तुम्ही कशाला त्रास घेता, साहेब? मी विचारलंय. अक्कांची काही हरकत नाही.”

झालं. एवढंच. मी त्यांना काहीही विचारलेलं नव्हतं. हे वाक्य बोलायला किती वेळ लागतो? चहा आला, विषय संपला. ढासळलेल्या भिंतीचं मी बोललेच नाही.

गवंडी आले तेव्हा मी मुद्दाम वाशीला बाजाराला गेले. परत आले तोवर फाटक निघालं होतं आणि त्या जागी विटांची भिंत उभी होती, ओल्या सिमेंटची. संध्याकाळी अक्का माझ्या घरी आल्या. त्या कधी कुणाकडं जात नसत. ओसरीवर बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि विचारलं, बाई, हे काय झालं? ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, ओरडणाऱ्या अक्कांना तोंड द्यायची मला सवय होती. पण त्या हळू आवाजात विचारत होत्या, जसं आपलंच कुणी आजारी असल्यावर विचारतात.

मी म्हणाले, वरून आदेश आला. मी लई भांडले, पण ऐकलं नाही कुणी.

त्यांनी माझा हात धरला. म्हणाल्या, तुमी तरी काय करणार?

आता सांगा — तेव्हाही मला सगळं परतवता आलं असतं की नाही? पुढच्या बैठकीत नुसतं म्हणायचं होतं, अक्कांचा विचार बदललाय. चार विटा काढायला कितीसा वेळ? मी स्वतःलाही हेच सांगत होते, की म्हणू पुढच्या बैठकीत. पुढची बैठक आली आणि गेली. का नाही म्हणाले? भीती होती, हे खरं. पण खरं कारण भीती नव्हती. खरं कारण हे की सकाळी उद्यानात फार शांत असायचं. मी मुलांना झाडं दाखवायचे आणि मागून आवाज यायचा नाही. मला बरं वाटत होतं. हे सांगायला नको वाटतं, पण तसंच आहे — मला छान वाटत होतं.

अक्का सुरुवातीला समोरच्या कमानीतून यायच्या. त्यांच्या घरापासून कमानीपर्यंत म्हणजे सगळ्या भिंतीला वळसा घालून, पुढं मोठ्या रस्त्याच्या कडेनं. गळिताचे दिवस, उसाच्या ट्रॉल्या एकामागं एक. गुडघे धरून, काठी टेकत त्या यायच्या आणि आत आल्या की कमानीजवळच्या पहिल्या बाकावर बसून राहायच्या. पुढं जायचं त्राण नसायचं. मग एक दिवसाआड यायला लागल्या, मग कधीतरी, मग येईनाशा झाल्या.

मग त्या भिंतीपलीकडं खुर्ची टाकून बसायला लागल्या. आणि तिथून बोलायच्या. दिसत कुणी नसायचं, पण पावलं ऐकू आली की ओरडायच्या, कोण हाय तिकडं? चिंचंला दगड कोण मारायलंय? लेकरं भिंतीजवळ जाऊन मुद्दाम काहीतरी बोलायची, अक्का चिडायच्या, लेकरं हसायची. लोकांना ती एक गंमत झाली. मी माझी फिरण्याची वाट बदलली. भिंतीकडं जाणारी पायवाट मीच आखलेली, दगड मीच निवडलेले, आणि मी ती सोडून दिली.

एक माणूस अजून सांगायचा राहिला. बालाजी. उद्यानाचे वॉचमन. अक्कांशी त्यांचं रोजचं भांडण आणि रोजची भाकरी. दुपारी अक्का त्या फाटकातून त्यांना हाक मारायच्या, ताटात भाकरी नि कालवण द्यायच्या आणि ते जेवत असताना त्यांना नावं ठेवायच्या. फाटक बंद झाल्यावर अक्कांच्या मनात आलं की साहेबांचे कान बालाजींनीच भरले. शेळ्यांवरून दोघांची थोडी बोलाचाली झाली होती, तेवढंच निमित्त. त्यांनी मला विचारलं, बालाजीनं सांगितलं असंल न्हाय का वर? मी काय म्हणाले असेन? मी ‘हो’ म्हणाले नाही. एवढी मी सावध होते. मी म्हणाले, जाऊ द्या अक्का, गरीब माणूस आहे. याचा अर्थ काय होतो हे शाळेतल्या मुलालाही कळेल.

अक्का त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. बालाजी भिंतीला वळसा घालून त्यांच्या दारात गेले, तर दार लावून घेतलं. ते माझ्याकडं आले आणि म्हणाले, “बाई, म्या काय केलंय ते तर सांगा.” मी म्हणाले, वय झालंय त्यांचं, मनावर घेऊ नका.

वय झालंय. हा शब्द तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून निघाला आणि मला फार सोयीचा वाटला.

पुढं साहेब एकदा पाहणीला आले. मी बरोबर होते. ते नेमके त्या भिंतीकडच्या वाटेनं वळले. पलीकडून अक्कांनी माणसांचा आवाज ऐकला आणि सुरू झाल्या: माझं फाटक का बुजवलं, कुणाला विचारून बुजवलं, साहेब असंल तर म्होरं यावं. साहेब थांबले. माझ्याकडं बघून म्हणाले, बाई, ह्यांची हरकत नव्हती ना?

मी आवाज खाली आणून म्हणाले, “स्वतः हो म्हणाल्या होत्या, साहेब. आता आठवत नाही त्यांना. अलीकडं बरंच विसरतात.”

हे आहे ते. ज्यासाठी मी एवढी गोल गोल फिरले ते हे. फाटक बंद केलं हा वाईटपणा झाला, पण माणूस रागाच्या भरात असा वाईटपणा करतो. हे मी रागात केलं नाही. अक्कांची बुद्धी शेवटपर्यंत लखलखीत होती. कोणत्या साली कोणत्या झाडाला किती जांभळं लागली ते सोडा, कुणाच्या लग्नात भातात मीठ कमी होतं ते त्यांना आठवायचं. त्यांच्यापाशी तेवढंच उरलं होतं — स्वतःचा शब्द आणि तो खणखणीत बोलणारा आवाज. मी तो शब्दच काढून घेतला. त्यानंतर अक्का भिंतीपलीकडून काहीही ओरडल्या तरी लोक म्हणायचे, म्हातारीला भ्रम झालाय. साहेब हळहळले. बिचाऱ्या, म्हणाले.

असली बोलणी गावात पसरायला काय लागतं? अक्कांना विसर पडतो, अक्का भिंतीशी बोलतात. एकटे बालाजी मला येऊन म्हणाले की अक्का काहीएक विसरत न्हाईत बाई, माझ्यावरचा राग कुठं विसरल्यात? मी त्यांना म्हणाले, तुम्हाला यातलं काय कळतं.

बोलणी सोलापूरला पुतण्याच्या कानावर गेली. तो चांगला मुलगा आहे. आला, अक्कांना भेटला, आणि मग सरळ माझ्याकडं आला. बाई, तुम्ही त्यांना रोज बघता, म्हणाला. तुम्हीच सांगा, त्या एकट्या राहू शकतील का? मला तिथं नुसतं खरं बोलायचं होतं. अक्का ठणठणीत आहेत, एवढं. पण अक्का ठणठणीत आहेत म्हटलं की मग साहेबांना जे सांगितलं त्याचं काय? मी पदराशी चाळा करत बसले आणि म्हणाले, एकट्यानं राहणं आता बरं नाही.

पुतण्यानं सामान बांधलं. अक्का जायला तयार नव्हत्या. पण ‘मला काही झालेलं नाही’ असं म्हणणाऱ्या म्हातारीचं कोण ऐकतं? निघायच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले. जायलाच हवं होतं, गेले नसते तर लोकांना विचित्र वाटलं असतं. अक्का खाटेवर बसल्या होत्या. मी चहा केला तर म्हणाल्या, पाणीच केलंत की बाई चहाचं. मला हसू आलं. मग त्या म्हणाल्या की त्यांचं एक काम करायचं, बालाजीला सांगायचं की अक्कानं तुला माफ केलं न्हाय. बाकी सगळ्यांना केलं. आणि म्हणाल्या, “तुमी एकट्याच माज्या बाजूनं बोललाव बाई. ध्यानात ठेवीन म्या.”

मी तिथं बसून होते. समोर ती विटांची भिंत होती, त्यांच्या दारातून सरळ दिसणारी. सांगायला याहून चांगली वेळ कोणती होती? मी त्यांच्या पाया पडले आणि घरी आले.

सोलापूरला त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या. वर्ष-दीड वर्ष काढलं असेल. एकदा मी फोन केला, तर त्यांनी विचारलं, जांभळं लागली का? मी म्हणाले, लागली. म्हणाल्या, खरं सांगायलाव ना? मी म्हणाले, हो अक्का. हे मात्र खरं होतं.

त्या गेल्याची बातमी आली आणि गावाला एकदम अक्का आठवल्या. उद्यानातच शोकसभा झाली. मला बोलायला सांगितलं. मी ठरवून गेले होते, शपथेवर सांगते, आज बोलायचं म्हणून. उभी राहिले. समोर सगळं गाव. आणि तोंडातून काय निघालं? की अक्कांनी रान दिलं आणि आपण त्यांना एक फाटक देऊ शकलो नाही. की मी हात जोडले, पण कागदावर चालणाऱ्या लोकांना म्हातारीचं मन दिसलं नाही. बायका डोळे पुसत होत्या. साहेब तेव्हा बदलून दुसरीकडं गेलेले होते. तो माणूस स्वतः चालत जाऊन अक्कांना विचारणार होता, आणि मी सगळ्या गावासमोर त्याला दगडाच्या काळजाचा करून टाकला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या वाजवतात का? वाजवल्या.

तिथंच ठरलं की फाटक पुन्हा उघडायचं, त्याला अक्कांचं नाव द्यायचं, आणि पाठपुरावा बाईंनी करायचा. मी केला. मन लावून केला. लोक म्हणतात, बाईंनी पायाला भिंगरी लावली. विटा निघाल्या, नवं फाटक बसलं, जुन्यापेक्षा मोठं. बाजूला दगडी पाटी. फीत मी कापली. अक्कांच्या दोन खोल्यांना कुलूप आहे. अंगणात गाड्या लावतात.

फीत कापायच्या वेळी बालाजी हातात ताट धरून माझ्या शेजारी उभे होते. ताटात कात्री, हळदकुंकू, फुलं. लोक जागेवर येईपर्यंत थोडा वेळ गेला, तेव्हा ते माझ्याकडं न बघता हळूच म्हणाले, “जाताना बी बोलल्या न्हाईत माज्याशी. तुमच्यापाशी काय बोलल्या व्हत्या का, बाई?”

मी म्हणाले, “नाही.” आणि कात्री उचलली.

तो निरोप मी त्यांना दिला नाही, ही माझी दया होती असं मी पुष्कळ दिवस समजत होते. दया कसली? निरोप दिला असता तर त्यांनी पुढं विचारलं असतं, कशाची माफी? आणि मग सगळंच निघालं असतं. साहेबांचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. पुतण्या दिवाळीला मिठाई पाठवतो. ज्यांना सांगायला हवं ते सगळे हाताच्या अंतरावर आहेत, आणि मी सांगते आहे तुम्हाला.

ओढ्याकडची भिंत पुढं केव्हातरी कुणीतरी बांधून घेतली. शेळ्या येत नाहीत आता.

बालाजींची ड्युटी हल्ली मागच्या फाटकावर असते. माझं घर त्या बाजूला आहे, त्यामुळं मी तिथूनच जाते, मला जवळ पडतं. मी दिसले की ते स्टुलावरून उठून उभे राहतात आणि फाटक पूर्ण उघडून धरतात. मी म्हणते, बसा हो बालाजी. ते बसत नाहीत. मी आत जाते.